कागद आठेच येई: एका युद्धकालीन घरगुती कादंबरीची दुरुस्ती

संहिता २१४ हस्तलिखित पानांची. काळ १९७१, जागा अमळनेर तालुक्यातलं बोरीकाठचं एक कोरडवाहू गाव. घरात पन्नाशीची विधवा सासू, वीस वर्षांची गरोदर सून आणि सतरा वर्षांचा दीर. थोरला मुलगा फौजेत, त्यामुळे पानांवर तो फारसा नाहीच. सुनेचं माहेर साक्री तालुक्यातलं. तिथून तिची आई दोनदा येते. या दोन आयांमध्ये आणि एका होऊ घातलेल्या आईमध्ये सगळी कादंबरी घडते.

पहिल्या वाचनानंतर संहिता तपासणाऱ्या तिन्ही वाचकांचा शेरा एकच होता: बायका फार खंबीर आहेत, पण घर चालताना दिसत नाही. ‘खंबीर’ हा शब्द ३१ ठिकाणी होता. सासू दोन पानं भाषण करते, सून पदराने डोळे पुसते आणि मग ‘कंबर कसून कामाला लागते’. कोणत्या कामाला, ते येत नाही. युद्धाच्या पार्श्वभूमीवरच्या घरगुती कथेत हा दोष नेहमीचा आहे. रणांगणाची माहिती लेखक कसून गोळा करतो आणि चुलीची माहिती आपल्याला असतेच असं धरून चालतो. या संहितेत दोन्ही बाजू कच्च्या होत्या, त्यामुळे दुरुस्ती मुळापासून करावी लागली.

आधी तारखा

मूळ खर्ड्यात मुलगा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, रजेवर येतो, १६ डिसेंबरच्या रात्री ढाक्याच्या शरणागतीची बातमी येते, त्याच रात्री टिपूर चांदण्यात मुलगा गेल्याची तार येते आणि त्याच घटकेला सून गुटगुटीत मुलाला जन्म देते. एका रात्रीत तीन योगायोग. पण योगायोगांच्या आधी त्यातला हिशोबच चुकलेला होता.

१९७१ सालची आखाजी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पडते. तिथून १६ डिसेंबरपर्यंत होतात साधारण २३२ दिवस. पूर्ण दिवसांच्या बाळंतपणाला गर्भधारणेपासून २६६ दिवस धरतात. म्हणजे हे मूल महिनाभर आधी आलेलं. १९७१ सालच्या खेड्यात असं मूल गुटगुटीत नसतं, त्याला जगवणं हीच एक वेगळी कादंबरी होते. चांदण्याचंही तसंच. १६ डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष वद्याचा शेवट, अमावास्या तोंडावर. त्या रात्री अंगणात कंदील नसेल तर समोरचं माणूस दिसणार नाही. दत्तजयंतीची पौर्णिमा युद्ध पेटायच्या आधीच होऊन गेलेली. लढाईचे १४ दिवस, ३ ते १६ डिसेंबर, म्हणजे जवळजवळ सगळा वद्य पक्ष. रोज रात्री चंद्र थोडा उशिरा आणि अंधार थोडा जास्त. हे लेखिकेला आयतंच मिळालं होतं, तिने ते चांदण्यावर उधळलं.

दुरुस्त वेळापत्रक असं ठरलं. रजा मार्च-एप्रिलची, तो आखाजीच्या दोन दिवस आधी निघतो. सून त्यानंतर आखाजीला माहेरी जाते, झोक्यावर बसते आणि गौराईची गाणी म्हणते; मळमळ सुरू होते ती मेच्या मध्यावर. १ ऑगस्टला, कानबाई या खान्देशातल्या देवीच्या रविवारी, तिला चौथा महिना. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सातवा, ७ डिसेंबरपर्यंत आठवा, त्यानंतर नववा. तार २१ डिसेंबरला. बाळंतपण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. सगळं पसरल्यावर कथेत जागा झाली. माणसं वाट बघू लागली, आणि वाट बघायला दिवस लागतात.

याच फेरीत काळाशी न जुळणाऱ्या गोष्टी निघाल्या. मुलगा आधी ‘जम्मू स्टेशनवर’ उतरत होता. जम्मूपर्यंत रेल्वे १९७२ साली पोचली, त्याआधी पठाणकोटला उतरावं लागे. नंतर तोच मुलगा ढाक्याकडे लढत होता. एकच आघाडी निवडा म्हटल्यावर लेखिकेने पूर्व निवडली आणि त्याला जमालपूरच्या लढाईत ठेवलं. १ मराठा लाइट इन्फन्ट्री तिथे होती आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, म्हणजे तारीखही बसली. मग त्याच्या पत्रावर गावाचं नाव येत नाही. नंबर, नाव, पलटण आणि ‘मार्फत ९९ एपीओ’ (लष्करी टपालघर) एवढंच. पश्चिमेकडचा असता तर ५६ एपीओ आलं असतं. पत्त्यात पिनकोड होता, तो खोडला, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. घरात ‘जळगाव आकाशवाणी’ लागत होती. ते केंद्र १९७६ चं. त्याऐवजी दुकानाच्या ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरवर मराठी बातम्या आल्या. बायका त्या थेट ऐकत नाहीत. दीर ऐकतो आणि घरी येऊन सांगतो, तेही निम्मं गाळून. गावात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजत होता, तोही काढला. अशा गावात युद्ध येतं ते टपालातून आणि दुसऱ्याच्या तोंडून.

एक बारीक गोष्ट मात्र नव्याने घातली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर शरणार्थी मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट लागू लागलं. सून माहेरी पत्र टाकते तेव्हा पोस्टमन म्हणतो, अजून पाच पैसे. सासू विचारते, कशाचे? तिकडून माणसं आली आहेत, त्यांच्या जेवणाचे. सासू कनवटीचे पैसे मोजून देते. संहितेतलं बांगलादेशावरचं दीड पान या चार ओळींनी भागलं.

ओटी

मूळ खर्ड्यात सासू-सून ‘पहाटे पाचला उठून दिवसात क्विंटलभर कापूस’ वेचत होत्या. ज्याने वेचणी केली आहे तो इथेच पुस्तक मिटेल. सवयीची बाई चांगल्या फुटलेल्या वावरात दिवसभरात वीस-पंचवीस किलो वेचते. पहाटे तर कोणी जात नाही. बोंडावर दव असतं. ओला कापूस वजनाला भरतो, पण ढिगात तापतो, पिवळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. दव उडाल्यावर, आठ-साडेआठच्या पुढे वेचणी सुरू.

म्हणून आधी वावराचा हिशोब मांडला. पाच एकर कोरडवाहू. पाऊस कमी. १९७२ चा दुष्काळ एका वर्षात आलेला नाही, आदले दोन हंगामही राज्यात ओढीचेच होते. एकरी दीड क्विंटल धरला तर साडेसात क्विंटल कापूस. सासूचे दिवसाला वीस किलो. सून आठव्या महिन्यात वाकून-वाकून बारा. दोघींचे मिळून बत्तीस. म्हणजे साधारण २३ दिवसांचं काम, तेही सलग नाही, तीन वेचांमध्ये, म्हणजे वेचणीच्या तीन फेऱ्यांत. दुसरा वेच बरोबर युद्धाच्या पंधरवड्यात येतो. मजूर लावायचा तर रोख लागते, आणि रोख येते मुलाच्या मनिऑर्डरने, जी तोवर आलेली नाही. कथानकाची गाठ ही अशी पैशा-दिवसांत पडली. ‘परिस्थिती बिकट होती’ हे वाक्य त्यानंतर आपोआप गळालं.

या भागातला सर्वांत चांगला प्रसंग हिशोब मांडतानाच सापडला. वेचणारी बाई लुगड्याचा किंवा जुन्या फडक्याचा ओचा कमरेला पुढे बांधते. त्या ओटीत चार-पाच किलो कापूस साठला की बांधावरच्या गाठोड्यात रिकामा करते. आठव्या महिन्यात ही ओटी पुढे बांधताच येत नाही. बांधली तर गाठ पोटावर काचते, भरली तर ओझं पोटावरच लोंबतं. मग काय करायचं? सासू फडक्याची दोन टोकं सुनेच्या डाव्या खांद्यावरून घेते, उजव्या कुशीला झोळ सोडते आणि गाठ पाठीकडे मारते. गाठ मारताना तिचा हात सुनेच्या पोटाला लागतो. मूल हलतं. दोघीही काही बोलत नाहीत. सासू गाठ पुन्हा सोडून थोडी सैल मारते. आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या ओळीतल्या खालच्या फांद्या आधीच वेचलेल्या असतात, तिला वाकावं लागू नये म्हणून.

लेखिकेने या प्रसंगाखाली ‘जणू ती तिची सख्खी आई झाली होती’ असं लिहिलं होतं. ते काढायला तिने दोन फेऱ्या घेतल्या.

माल विकायचा प्रसंगही बदलावा लागला. खर्ड्यात सरकारी खरेदी केंद्र होतं; एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ ची. १९७१ च्या डिसेंबरात माल खासगी व्यापाऱ्याकडेच जाणार. दीर गाडी जुंपून अमळनेरला नेतो. कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला खराब कापूस, वेगळी काढलेली नसते, व्यापारी त्यावर बोट ठेवतो आणि भाव कापतो. कवडी वेगळी करायचं काम बायकांचं असतं, रात्री कंदिलाशी बसून. ते का झालं नाही हे वाचकाला ठाऊक असतं, व्यापाऱ्याला नसतं.

सव्वा मूठ

सासूचं दोन पानी ‘वीरमाते’चं भाषण हा लेखिकेचा आवडता भाग. तो नुसता काढून टाकला तर तिथे भोक पडणार होतं. भाषणाचं काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं होतं: या बाईचा जीव मुलात किती अडकला आहे, आणि ती नशिबाशी कसला सौदा करते आहे.

उत्तर कानबाईत होतं. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नैवेद्याच्या रोटांसाठी धान्य मोजायची रीत घरागणिक थोडी वेगळी, पण बऱ्याच घरांत घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ धरतात. पुरुष किती, तितक्या वेळा मूठ आणि वर पाव. धान्य मोजणं ही त्या दिवशी घराची शिरगणतीच असते. भाऊबंदकीतल्या बायका शेजारी बसलेल्या, सगळ्यांच्या देखत. आणि युद्धकथेत शिरगणतीइतकं धारदार दुसरं काही नाही.

दुरुस्त प्रसंगात सासू सुपासमोर बसते. पहिली सव्वा मूठ दूर असलेल्या थोरल्याची. ती भरताना तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वाकतो, मूठ गच्च होते, गहू बोटांच्या फटीतून सांडतात. दुसरी धाकट्याची, नेहमीसारखी. मग हात तिसऱ्यांदा गव्हात जातो. सासूची जाऊ विचारते,

‘तिसरी मूठ कोनी वं?’

‘सांडनी,’ सासू म्हणते. आणि सांडलेली म्हणवलेली ती मूठ परत पोत्यात टाकत नाही.

सून दारात उभी असते. तिला चौथा महिना आहे हे जावेला अजून सांगितलेलं नाही.

यावर एका वाचकाचा आक्षेप रास्त होता: रीत मोडली तर ती दिसली पाहिजे, नाहीतर ज्यांना रीत माहीत आहे त्यांना ती लेखिकेची चूक वाटेल. म्हणूनच जावेचा प्रश्न घातला. पहिल्या दुरुस्तीत कोणीच काही विचारत नव्हतं, आणि प्रसंग नुसता गोड झाला होता. जाऊ पुढे संहितेत परत येते: तार आल्यानंतर एका रात्री तिच्या तोंडून निघून जातं, मोजून घ्यायचं ते जास्तीचं मोजलं होतं ना. ही क्रूरता खरी आहे. कोणी ती काढायला सांगितली नाही.

बोली

सासूच्या तोंडी लेखिकेने जळगाव-यावलकडची लेवा गणबोली घातली होती. कारण उघड आहे: बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, खान्देशातल्या कष्टकरी बाईचा आवाज म्हटला की मराठी वाचकाच्या कानात तीच बोली वाजते. पण बोरीकाठची बाई अहिराणी बोलेल. ‘हाये’ नाही, ‘शे’. ‘आला’ नाही, ‘ऊना’. ‘करतो-करते’ नाही, ‘करस’. साक्रीकडच्या विहिणीची अहिराणी आणखी जराशी वेगळी पडते, पण तो फरक कागदावर पकडायचा हट्ट सोडला. संवाद थोडे ठेवायचे, वाक्यं आखूड ठेवायची आणि निवेदन प्रमाण मराठीत, एवढा नियम पुरला.

दोन पिठं

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आई सातव्या महिन्यात लेकीला न्यायला येते. खर्ड्यात सून ‘मी या घराला सोडून जाणार नाही’ असं ठणकावते आणि दोन्ही आया गहिवरतात. पण नकाराला कारण हवं, आणि ते घरातूनच यायला हवं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला विहीण येते तेव्हा पहिला वेच सुरू असतो. सासूला दोन हातांची गरज आहे, हे ती कबूल करत नाही. आठ दिवस थांबा, म्हणते. आठ दिवसांनी आठवा लागलेला असतो आणि आठव्यात हलवत नाहीत, ही जुनी समजूत तिच्या मदतीला येते. विहीण चडफडत परत जाते. अमळनेरहून धुळे, धुळ्याला एस.टी. बदलून साक्री, पुढे पायी. ८ डिसेंबरला, नववा लागल्या लागल्या, ती परत दारात. युद्धाचा सहावा दिवस. आता सासूकडे कुठलीच सबब नाही.

‘पोरले ली जावाले उनू मी, इहीन.’

‘ली जा. पन कागद आठेच येई ना.’

एवढंच. पत्र इथेच येणार, मनिऑर्डर इथेच येणार, आणि दुसरं काही आलं तर तेही इथेच. सून ऐकते आणि बांधलेलं बोचकं सोडायला लागते. दीड पानाचा वाद या दोन ओळींवर आला. पुस्तकाचं नावही पुढे यातूनच निघालं.

मग विहीण काय करते? तीही राहते. इथे लेखिका अडखळली, कारण लेकीच्या सासरी आईने मुक्काम टाकायचा नाही, तिथलं अन्न खायचं नाही, अशी मनाई कित्येक घरांत पाळली जायची. मनाई मोडली तर बाई हलकी होते, पाळली तर उपाशी राहते. तोडगा अगदी साधा निघाला: तिने येतानाच गाठोड्यात स्वतःचं बाजरीचं पीठ आणलेलं असतं. म्हणजे राहायची वेळ येईल हे ती घरून ओळखून आली होती. एका चुलीवर दोन पिठं. आधी सासूच्या कळण्याच्या भाकऱ्या, मग त्याच तव्यावर विहिणीच्या बाजरीच्या.

कळण्याच्या भाकरीतच घरातली टंचाईही बसवली. कळण्याला साधारण चार भाग ज्वारी आणि एक भाग सालासकट उडीद, मीठ घालून एकत्र भरडसर दळतात. उडदाने पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना कड सुटत नाही. सासू उडीद कमी करत जाते, पाचाला एक, सहाला एक. कोणाला सांगत नाही. पण भाकरीच्या कडा चिरायला लागतात. विहीण एकदा तव्याकडे बघते, एकदा सासूकडे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाठोड्यातून ओंजळभर उडीद काढून डब्यात टाकते. ते तिने कधी आणले, का आणले, संहितेत येत नाही. यायला नको.

दुसऱ्या आठवड्यात विहिणीचं पीठ संपतं. त्या रात्री सासू ताट वाढते आणि तिच्यासमोर सरकवते. विहीण खाते. यावर एक ओळही जास्त लिहिलेली नाही, आणि ती न लिहायला लेखिकेला सगळ्यात जास्त कष्ट पडले.

तार

२१ डिसेंबर, मंगळवार. तार इंग्रजीत, वाचतात शाळेतले मास्तर. मूळ कल्पना अशी की सासू सुनेपासून मृत्यू महिनाभर लपवते. युद्धकथांत ही युक्ती फार वापरलेली आहे. ती वापरू नये असं नाही, पण एकदा तरी तिचा तपशील तपासायला हवा. पोस्टमनला माहीत, मास्तरांना माहीत, दिराला माहीत, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला माहीत. लोक दारावर बसायला येणार. ते थांबवायचे कसे? शिवाय सुतक, स्वयंपाक, सासूचा चेहरा. एकटी बाई हे लपवू शकत नाही. लपवायचं तर अख्ख्या गल्लीने लपवायला हवं, आणि वीस वर्षांच्या शहाण्या मुलीला गल्ली गप्प झालेली कळते.

म्हणून उलटं केलं. कादंबरीभर सासू रोज दुपारी दिराला विचारते, ‘टपाल ऊनं का?’ हा प्रश्न बारीक फरकाने १७ वेळा येतो. कधी चुलीपाशी, कधी वावरात, कधी गोठ्यातून ओरडून. २२ डिसेंबरला दुपार होते आणि कोणी विचारत नाही. सून भाकरी थापत असते. ती थापायची थांबते, मग परत थापायला लागते. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच दिराला विचारते, ‘टपाल ऊनं का?’ मोठ्याने, आत सासूला ऐकू जावं असं. म्हणजे सासूला वाटावं की हिला अजून ठाऊक नाही. नवव्या महिन्यातली मुलगी सासूला तिचं खोटं सांभाळू देते. विहिणीला दोन्ही बाजू कळलेल्या असतात आणि ती दोघींच्या मधे रात्री अंथरूण घालते.

या प्रकरणात मूळचे आठ हुंदके होते. एक ठेवला, तो दिराचा, गोठ्यात.

बाळंतपण पाच पानांत आटोपलं. सुईण, गरम पाणी, मुलगी झाली. खर्ड्यात मुलगा होता, ‘बापाचा चेहरा घेऊन आलेला’. मुलगी केल्यावर ती तिसरी मूठ पुन्हा उघडी पडते: रोटाच्या गणतीत जिची जागाच नव्हती तिच्यासाठी सासूने गहू मोजले होते. लेखिकेला हे स्वतःलाच सुचलं, कोणी सुचवलं नाही.

किंड्रेड रोल

शेवटचा चौथाई भाग सर्वांत अशक्त होता. सासू पेन्शन ‘हडपते’, मग पश्चात्ताप होऊन परत देते. खलनायिका आणि हृदयपरिवर्तन. प्रत्यक्षात कागद माणसांपेक्षा जास्त गुंतागुंतीचा असतो, आणि घरगुती कथेला तीच गुंतागुंत उपयोगी पडते.

जवान भरती होतो तेव्हा किंड्रेड रोलमध्ये जवळच्या नातेवाइकांची नावं लिहून घेतात. अविवाहित पोराचं जवळचं माणूस म्हणजे आई. पुढे लग्न झालं की त्याने युनिटला कळवायचं, त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी हुकूम, निघते आणि बायकोचं नाव चढतं. या पोराने १९७० च्या उन्हाळ्यात, रजा संपता संपता लग्न केलं आणि कागद राहून गेला. पेन्शनचा पहिला हक्क विधवेचाच; पण कार्यालयाच्या दृष्टीने तिथे विधवाच नाही, फक्त आई आहे. कागद आईच्या नावाने येतात. सासूला वाचता येत नाही. म्हणजे हडपायचा प्रश्नच नाही. ते काय आहे हेच तिला महिनाभर कळत नाही.

सुटकेचा रस्ता असा की लग्न झालं होतं आणि ही त्याचीच बायको, हे महसुली दाखल्याने सिद्ध करायचं. त्यात सासूचा जबाब सर्वांत वजनदार. तिचा अंगठा उठला की पैसे तिच्या हातातून सुनेच्या हातात जाणार. आणि इथे तिचा स्वार्थ खरा आहे, तो झाकायचा नाही. दीर सतरा वर्षांचा, मजूर लावायला रोख नाही, व्याजाचे पैसे डोक्यावर.

त्यात भाऊबंद एक उपाय घेऊन येतात: दिराशी पाट लावा, म्हणजे पुनर्विवाह. यामागे नुसती रूढी नव्हती. फेब्रुवारी १९७२ मध्ये लढाईत मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी वाढीव पेन्शनचा आदेश निघाला. विधवेने दुसरं लग्न केलं की पेन्शन थांबे, मात्र दिवंगताच्या भावाशी केलं तर चालू राही. सरकारी नियम आणि भावकीचा सल्ला एकाच दिशेने दाब देत होते. ही माहिती नसती तर भाऊबंद नुसतेच दुष्ट वाटले असते.

सासू काय करते? खर्ड्यात ती म्हणे, ‘पोरी, तू तुझं आयुष्य जग.’ दुरुस्त संहितेत ती तीन आठवडे काहीच म्हणत नाही. भावकीला बोलू देते. सून तिच्याशी बोलणं टाकते, विहीण नातीला घेऊन ओसरीवर बसून राहते. चौथ्या आठवड्यात सासू दिराला गाडी जुंपायला सांगते आणि सुनेला म्हणते, लुगडं बदल. दाखल्याच्या कागदावर अंगठा उठवते. तिने हे प्रेमाने केलं, की दिराला सतराव्या वर्षी बांधायचं नाही म्हणून, की तिसऱ्या मुठीची आठवण म्हणून, संहिता सांगत नाही. वाचकांत यावर दोन तट पडले, आणि ते तसेच राहू दिले.

कूपन

राहिला एक प्रसंग. मुलाने नोव्हेंबरच्या शेवटी टाकलेली ४० रुपयांची मनिऑर्डर २४ डिसेंबरला, तारेनंतर तीन दिवसांनी, दारात येते. लढाईत टपाल उशिरा पोचतं, त्यामुळे मेलेल्याचे पैसे मागाहून येणं यात नवल नाही. पैसे सासूच्या नावे. अंगठा लागतो, साक्षीदार लागतो, आणि खालच्या कूपनवर दोन ओळींचा मजकूर असतो, तो पोस्टमन नेहमी वाचून दाखवायचा. आता तो वाचू का, असं बघतो. सून आत आहे, तिला ऐकू जाईल. सासू मान हलवते: नको. साक्षीला मास्तर सही करतात. फॉर्मवर आईचा अंगठा, मास्तरांची सही, आणि मजकूर न वाचलेला.

तो मजकूर शेवटी कधी वाचायचा यावर सर्वांत जास्त वेळ गेला. लेखिकेने आधी कूपन देव्हाऱ्यात ठेवलं आणि शेवटच्या पानावर सुनेकडून वाचून घेतलं. सून चौथी शिकलेली आहे. पण देव्हाऱ्यातला कागद म्हणजे पुन्हा भाषणच. अशा घरात कूपन जातं पत्र्याच्या डब्यात, जिथे कापसाच्या वजनाच्या पावत्या, सारा भरल्याची पावती आणि आधीची कूपनं एका सुतळीत बांधलेली असतात. शेवटच्या दुरुस्तीत सून मार्चमध्ये दाखल्यासाठी लग्नाचा काही पुरावा शोधताना तोच डबा उघडते. मजकूर असा: ‘दुसऱ्या वेचाला मजूर लाव. तिले वावरमा पाठवू नको.’

दुसरा वेच तोवर उलगडून गेलेला असतो. सून कूपन सुतळीत परत बांधते आणि वजनाची पावती घेऊन बाहेर येते, कारण दिराने घरी आणलेल्या त्या पावतीवर तिने स्वतःच्या नावाने, नवऱ्याचं नाव लावून, सही केलेली आहे.